सुपडाबाईला द्यायचं उत्तर

आमरसाची तिसरी वाटी संपली की डोळ्यांवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. आज आखाजी आहे, खानदेशातली अक्षय्य तृतीया. दुपारचे अडीच वाजले आहेत. नीमटेकला माहेरच्या घरी मधल्या खोलीत मी खाटेवर पडले आहे आणि स्वतःला बजावते आहे, की नुसतं पडायचं, झोपायचं नाही. संध्याकाळी सहाला पान छपाईला सुटतं. त्याआधी आखाजीची बातमी पाठवायची आहे.

समोर अंगणाच्या दारात आई बाजेवर बसली आहे. गेंदाबाई, वय चौऱ्याऐंशी. श्रावणात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून हातात काठी. ती माझ्याशी अहिराणीत बोलते, मी तिच्याशी पेपरातल्या भाषेत. तीस वर्षं असंच चाललंय आणि दोघींपैकी कुणालाच त्याचं काही वाटत नाही. निदान मला वाटत नव्हतं.

कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर घागरी मांडल्या आहेत. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं कोऱ्या मातीच्या लहान घागरी भरतात. प्रत्येकीच्या तोंडावर एक छोटं खरबूज, त्याला इथे डांगर म्हणतात, आणि बाजूला एक तळलेली गोड सांजोरी. पितर येतात, पाणी पितात, जातात. आमच्या घरातून गेलेले चार जण: आजोबा, आजी, काका, वडील. घागरी पाच आहेत. सकाळीच मोजल्या. मोजायची सवय आहे, सभेला किती माणसं होती, मोर्चा किती वाजता निघाला, खड्डा किती फूट खोल होता. आईला मात्र विचारलं नाही.

माझ्या हातात मागच्या वर्षीच्या आखाजीचं कात्रण आहे. तीन कॉलमी फोटो. नदीच्या वाळूत दोन म्हाताऱ्या खांद्याला खांदा लावून उभ्या, डोक्यावर पदर, चेहरे निवडणुकीच्या ओळखपत्रासारखे. एक माझी आई. दुसरी पलीकडच्या काठावरच्या तामसरे गावची सुपडाबाई. खाली ओळ: ‘आखाजीनिमित्त नीमटेक व तामसरे येथील महिलांनी पारंपरिक गीते सादर केली.’ ओळ माझी आहे. फोटोही माझाच.

त्या दिवशी गीतं कुणीच सादर केली नव्हती. त्या दिवशी बार होता.

बार म्हणजे आमच्याकडचं शिव्यांचं युद्ध. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आणि गावातल्या बाया नदीच्या या काठावर, पलीकडच्या गावच्या बाया त्या काठावर. मधे बोरीचं कोरडं पात्र. शिवी गाण्यातून द्यायची, अहिराणीतच द्यायची आणि नाव घेऊन द्यायची. इकडची एक, मग तिकडची एक. शिव्या देणाऱ्यांपैकी कुणी पात्राच्या मधोमध पाय ठेवला की त्या वर्षीचा बार तिथेच संपतो. एकेचाळीस वर्षं आमच्या काठावर गेंदाबाई पुढे असायची आणि त्यांच्या काठावर सुपडाबाई. वर्षभर दोघी बाजारात भेटल्या की एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. आखाजीला एकमेकींच्या सात पिढ्या धुऊन काढायच्या.

मागच्या वर्षी सुपडाबाईनं शेवटची शिवी दिली ती अशी:

“नीमटेकनी गेंदी वं, तुनी सांजोरी शे कठीन,
जवाईना पडना दात, नि कुत्रा गया पयीन.”

कुत्रा पळून गेल्याचं तिनं पदरचं घातलं होतं. जावयाचा दात मात्र खरा होता. जावई म्हणजे माझा नवरा. सकाळी आईच्या सांजोरीवर त्याच्या दाताचा तुकडा उडाला, दुपारी तो दवाखान्यात गेला, तिथला कंपाउंडर तामसऱ्याचा निघाला आणि चार वाजेपर्यंत ती खबर नदी ओलांडून गेली होती. दोन्ही काठ हसून लोळले. आईनं पदर कमरेला खोचला, एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं.

आणि मी घड्याळ बघितलं. साडेपाच. ऊन उतरत होतं, पान सुटायला अर्धा तास होता आणि फोटो नव्हता. मी दोन्ही काठांना हाका मारल्या, “आई, सुपडाबाई, जरा मधे या ना, दोघींचा एकत्र काढते!” पेपरवाली बोलावतेय म्हटल्यावर दोघी आल्या. नियम मला माहीत होता. याच गावात मी जन्मले आहे. पण त्या क्षणी मला फक्त पान दिसत होतं. दोघींचे पाय मधल्या वाळूत पडले आणि बार मोडला. आईचं उत्तर तोंडातच राहिलं.

माघात सुपडाबाई गेली.

“मना तोंडमां जवाब व्हता,” आईनं मला एकदाच सांगितलं, “तू फोटू काढा.” काय उत्तर होतं, हे ती कुणालाच सांगत नाही. मावश्यांनी विचारलं, शेजारणींनी विचारलं. म्हणते, ते तिच्यासाठी होतं, तुम्हाला सांगून काय करू? यंदा तर बारही नाही. शाळेच्या मैदानावर मंडप घातला आहे, दोन्ही गावांना खुर्च्या, परीक्षक, माईक. फ्लेक्सवर लिहिलंय, ‘आखाजी महोत्सव, पारंपरिक गीतांचे सादरीकरण’. माझंच वाक्य आहे, थोडं ताणलेलं. आईला बोलावणं आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “खुर्चीवर बसीसन कोन शिव्या देस?”

पंखा कुरकुरतो. कात्रणातली अक्षरं एकमेकांना चिकटतात, सुटतात. दारातली आई आधी आई असते, मग नुसता उजेडातला एक गडद आकार. मी झोपलेले नाही. मागच्या दाराची कडी वाजते तेही मला नीट ऐकू येतं.

सुपडाबाई आत येते.

“पानी शे का वं?” ती विचारते.

ती गेलेली आहे, हे मला माहीत आहे. मी तिच्या दहाव्याला गेले होते. सहा ओळींची बातमीही दिली होती, ती जागेअभावी राहिली. तरीही तिला बघून मी दचकत नाही. फक्त उठून बसावं असं वाटतं आणि उठता येत नाही.

“बसा ना,” मी म्हणते.

“बठाले टाइम नही. तठे समद्या वाट देखी ऱ्हायन्यात.”

ती सरळ कोपऱ्यात जाते. पहिली घागर सोडते, दुसरी सोडते. पाचवीवरचं डांगर काढून खाली ठेवते, घागर दोन्ही हातांनी उचलते आणि तोंडाला लावते. मान मागे झुकते. गळ्याची हाडं वरखाली होतात. बराच वेळ पाण्याचाच आवाज.

“ही तुमची आहे?” मी विचारते.

“मंग कोनी शे? मना घरले कुलूप शे. पोरे समदा सुरतले. तठे सातव्या माळावर घागर कोन भरस?” ती पदरानं तोंड पुसते, सांजोरी उचलते, हिरडीनं चावून बघते. “हाई गेंदीनी करी ना?”

“हो.”

“वळखी मी. अजून कठीनच शे.”

ती हसते. तिचं हसणं मी विसरले नव्हते, हे मला तेव्हा कळतं. मग ती घागर माझ्या उशाशी ठेवते, नेमकी कात्रणावर.

“तिथे नको, सुपडाबाई, भिजेल ते.”

“भिजू दे. काय शे त्यामां? वाच बरं.”

मी वाचते. घागरीखालून दिसतं तेवढं आणि बाकीचं पाठ आहे म्हणून. महिलांनी. पारंपरिक. गीते. सादर केली. ती डोळे बारीक करून ऐकते, शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी लग्न ठरल्याचं ऐकावं तसं.

“ह्या कोन्या बाया शेत?” ती विचारते. “मना वळखीन्या वाटत नहीत.”

“तुम्ही आणि आई.”

“मी? मी गीत गायं? मी तुनी मायले शिव्या दिध्यात वं! एकेचाळीस वरीस. एक वरीस खाडा नही. मनी पोर गई ते वरीस बी मी काठवर उनी व्हती. आणि तू लिखस, सादर करं?”

मी उत्तर शोधायला दार उघडते. दाराच्या पलीकडे अंगण असायला हवं, पण तिथे डेस्क आहे. ट्यूबलाइट, चहाचे कप, भिंतीवर चार शहरांची बंद पडलेली घड्याळं. पोतदारसाहेब मान खाली घालून कॉपी बघत आहेत. ते निवृत्त होऊन नाशिकला राहतात, पण इथे त्यांचा चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावर आहे.

“शिव्या नकोत, प्रमिलाताई,” ते वर न बघता म्हणतात. “घराघरांत वाचला जातो आपला पेपर.”

“नाव तरी राहू द्या. गेंदाबाई. सुपडाबाई.”

“नावं कशाला? महिला म्हणा. नावं घातली की उद्या सगळ्या गावाची नावं घालावी लागतील.”

सुपडाबाई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आहे. टेबलावरची कात्री उघडून मिटून बघते आहे.

“हाऊ कोन वं?”

“आमचे साहेब.”

ती त्यांना खालपासून वरपर्यंत बघते. “याले कोनी कवय शिवी दिधी नही व्हई,” ती मला हळूच सांगते. “तोंड देख ना. बिचारा. याना गावमां याले कोनी वळखत नही का?”

पोतदारसाहेब पुढचा कागद ओढतात. त्यांना ती दिसत नाही. त्यांना कुणी कधी शिवी दिली नाही म्हणून नाही दिसत की काय, असा एक विचार येतो आणि तो कुणाचा आहे हे कळायच्या आत जातो.

“सुपडाबाई,” मी विचारते, “तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?”

ती कात्री खाली ठेवते. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली येतो.

“मी अर्धा बार घीसन मरनू वं, पमी. तठे मना गावन्या समद्या बठेल शेत. सासू शे, जेठानी शे. रोज इचारतस, गेंदीनी मंग काय सांगं? मी काय सांगू? फोटू काढा?”

मला हसू येत नाही. तीही हसत नाही.

“आई बाहेरच बसलीय,” मी म्हणते. “तिलाच विचारा ना.”

“इचारं. सकायपासून तिना कानपान उभी शे. मना आवाज तिले आयकू येस नही. आणि शिवी उन्याबिगर ती जवाब कशी देई? आशे कोठे व्हस का?” ती माझं मनगट धरते. तिचा हात ओला आणि थंड आहे, कोऱ्या घागरीसारखा. “तू चाल. मना काठवर उभी ऱ्हाय. मनी शिवी तू दे तिले.”

“मी? आईला?”

“तूच तोडं ना बार?”

“पण मी नीमटेकची आहे.”

“तू?” ती मान कलती करून माझ्याकडे बघते. तिच्या बोलण्यात राग नाही, साधी चौकशी आहे, आणि म्हणून ते जास्त लागतं. “तू कोन्ता काठनी शे वं? मी त तुले तीस वरीस मझारच देखी ऱ्हायनू. रेतीमां. वही घीसन.”

डेस्कच्या फरशीवर वाळू आहे. चप्पल रुतते. कपाटांच्या मधून वाट जाते, ती एसटी स्टँडवर निघते. ओळीनं गाड्या उभ्या आहेत, पाट्या कोऱ्या. एका गाडीच्या खिडकीतून वसतिगृहाच्या मुली डोकावतात, सगळ्या सतरा वर्षांच्या, त्याच वेण्या, त्याच रिबिनी.

“प्रमिला, परत म्हण ना! काय म्हणालीस कंडक्टरला? कथा जास!”

“कथा जास!” बाकीच्या ओरडतात. वाईट नाहीत त्या. त्यांना ते खरंच गोड वाटतं.

गाडी कुठे जाते, एवढंच मी कंडक्टरला अहिराणीत विचारलं होतं. मी परत म्हणत नाही. त्या दिवसानंतर म्हटलेलंच नाही. सुपडाबाई माझ्या पुढे चालते आहे, तिच्या टाचांच्या भेगा स्वच्छ दिसतात. तिला या मुली दिसतात. ती थांबते, त्यांच्याकडे बोट करते.

“ह्या काय म्हनतस?”

“काही नाही. चला.”

“तुले हासतस?”

“पूर्वी हसल्या होत्या.”

“मंग तू त्यास्ले काय सांगं?”

“काहीच नाही.”

“आरे देवा,” सुपडाबाई म्हणते. “म्हंजे तुना बी बार अर्धाच शे.”

पुढे नदी आहे. वैशाखातली बोरी, पाण्याचा टिपूस नाही. वाळूत डांगरांचे वेल पसरलेत, पिकल्या डांगराचा वास उन्हात जड होऊन खाली बसला आहे. मी पात्राच्या मधोमध येते आणि पाय आपोआप थांबतात. माझी जागा हीच. इथून दोन्ही काठ सारखे ऐकू येतात, दोन्हीकडची मोजदाद करता येते. इथे उभं राहून मी अठ्ठावीस आखाज्या लिहिल्या.

“चाल ना वं,” सुपडाबाई त्या काठावरून हाक मारते. ती कधी पोचली ते दिसलं नाही.

मी पाय उचलते. वाळू संपून मुरूम लागतो. तामसऱ्याच्या काठावर मी आयुष्यात पहिल्यांदा चढते.

वर निंबाखाली बाया बसल्या आहेत, वीस-बावीस असतील. इथे मोजणं जमत नाही, मोजलं की एखादी वाढते. सगळ्यांचे पदर डोक्यावर, सगळ्यांचे पाय धुळीत.

“हाई कोन?” एक विचारते.

“गेंदीनी आंडेर.” आंडेर म्हणजे लेक.

“म्हंजे नीमटेकनी! आठे काय करस मंग?”

“आज मनी शे,” सुपडाबाई म्हणते आणि माझ्या डोक्यावर पदर ओढते. मला साडी कुणी नेसवली, कधी नेसवली, काही कळत नाही. “उभी ऱ्हाय आठे. हाई मनी जागा शे.”

तिची जागा म्हणजे एक सपाट दगड. एकेचाळीस वर्षांत पावलांनी गुळगुळीत झालेला. त्यावर उभी राहून मी समोर बघते. नीमटेकचा काठ मी या बाजूनं कधीच बघितलेला नाही. आमचं गाव मला ओळखू येत नाही, नुसती पांढरी घरं, एक टाकी, एक निंब. काठावर एकच बाई उभी आहे. हिरवी साडी, चाळिशीची असेल, पाठीचा कणा ताठ, हात कमरेवर. हातात काठी नाही. ती इकडे बघत उभी आहे, कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखी. माझी आई किती देखणी होती, हे कुठल्याच फोटोत आलेलं नाही.

“दे,” सुपडाबाई म्हणते.

मी तोंड उघडते.

“आखाजीनिमित्त नीमटेक येथील...”

मागे बाया फुटतात. “सादर करी ऱ्हायनी वं! सादर करी ऱ्हायनी!” एकजण दुसरीच्या मांडीवर डोकं टेकून हसते.

“आते हासू नका गं तिले,” सुपडाबाई त्यांना दटावते आणि माझ्या कानाशी येते. “पहिले नाव घे.”

“आईचं नाव कसं घेऊ?”

“नाव नही घिधं त शिवी कोनले लागी? हवाले? तीस वरीस लोकेस्ना नावं लिखी ऱ्हायनी, तुनी मायनं नाव घेवाले लाज वाटस?”

लाज नाही. भीतीही नाही. आईला मी कधी नावानं हाक मारलेली नाही आणि पेपरातही कधी तिचं नाव छापलेलं नाही. एकदा छापायची वेळ आली तेव्हा मी ‘महिला’ लिहिलं. समोरची हिरव्या साडीतली बाई अजून उभी आहे. तिच्या तोंडात उत्तर आहे. ते एक वर्षापासून तिथेच आहे, आणि तिला मागणारं कुणी नाही.

“गेंदी,” मी म्हणते. आवाज पायाशीच पडतो.

“नदी केवढी शे देख जरा.”

“गेंदी!”

समोरची मान वर करते.

“गेंदी वं! नीमटेकनी गेंदी!” आता आवाज माझा राहिलेला नाही. तो चिरका आहे, वयस्कर आहे, पोटातून येतो आहे. “तुनी सांजोरी शे कठीन! जवाईना पडना दात, नि कुत्रा गया पयीन!”

निंबाखालच्या बाया टाळ्या पिटतात. सुपडाबाई माझ्या शेजारी दगडाच्या कडेला येऊन उभी राहते आणि कानामागे हात धरते. समोर माझी आई पदर कमरेला खोचते. एक पाऊल पुढे टाकते. ती हसते आहे, हे इतक्या लांबूनही दिसतं. ती तोंड उघडते...

पंखा बंद आहे. वीज गेली आहे. घशाला कोरड पडली आहे आणि घसा दुखतो आहे.

आई दारात उभी आहे. बसलेली नाही, उभी. एक हात चौकटीवर, काठी बाजेपाशी खाली पडलेली.

“कोन व्हती वं?” ती विचारते.

“कोण?”

“आते कोन गायं?”

“मी असेन, आई. झोपेत बरळले.”

“खोटं बोलू नको.” तिचे डोळे खोलीभर फिरतात. “सुपडीना आवाज व्हता तो. माले समजत नही का? एकेचाळीस वरीस आयकेल शे मी.”

   आई चौकटीवरचा हात काढते, पदराचं टोक शोधते आणि कमरेला खोचते. एकदा सुटतं, पुन्हा खोचते. तोंड अंगणाकडे करते, अंगणापलीकडे गल्लीकडे, गल्लीच्या पलीकडे जिथे नदी आहे तिकडे.

“तामसरानी सुपडी वं, तुनं नाक शे कितलं लांब!”

ती पहिली ओळ. नंतर तीन आहेत. त्या मी इथे देत नाही. मजकूर कापायचा अनुभव मला भरपूर आहे, पण डेस्कला नको म्हणून नव्हे, तर त्या ओळी सुपडाबाईसाठी होत्या म्हणून मी पहिल्यांदाच काहीतरी कापते आहे. एवढंच सांगते, की त्यात सुपडाबाईचं नाक, तिची म्हैस आणि एक पावसाळा आहे, आणि चौथ्या ओळीला शेजारच्या अंगणात भांडी घासायचा आवाज थांबला. मग तिकडून कुणीतरी खदखदून हसलं. मग त्याच्या पलीकडच्या अंगणातून.

आई धापा टाकत बाजेवर बसते. चेहरा घामानं निथळतो आहे. काठी मी उचलून देते, ती घेत नाही.

“आई,” मी विचारते, “कवय बनाडं हाई?”

ती झटकन माझ्याकडे बघते. मी काय बोलले, हे मलाही तेव्हाच ऐकू येतं.

“तवयच,” ती म्हणते. “तठेच. तिनं तोंड बंद व्हवाना पहिलेच तयार व्हतं.” मग ती विचारते, “आयकं व्हई का तिनी?”

मी खाटेकडे वळते, कारण सहाला पान सुटतं आणि वही तिथे आहे. उशाशी घागर आहे. पाचवी. कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर चार उरल्यात, पाचवीच्या जागी गव्हात एक वाटोळा खळगा आणि शेजारी खाली काढून ठेवलेलं डांगर.

“ही तू इथे ठेवलीस?”

“मी? मनाघाई उचलास का घागर? दार सोडीसन मी हालनू नही.”

मी घागर उचलते. हलकी लागते. खाली मागच्या वर्षीचं कात्रण आहे, त्यावर ओलं वाटोळं वर्तुळ उमटलंय. वर्तुळाच्या आत दोघी म्हाताऱ्या कोरड्या उभ्या आहेत. खालची ओळ मात्र भिजून फुगली आहे. ‘महिलांनी’च्या पुढचं काही वाचता येत नाही.

आई हात पुढे करते. मी कात्रण तिच्या हातात देते. ती ओल्या कडेवरून बोट फिरवते, बोट डोळ्यांजवळ नेऊन बघते, मग घागर मागून घेते, तिरकी करून आत डोकावते. तळाशी थेंब नाही.

“समदं पी गई,” आई म्हणते. “तहान लागेल व्हती सटवीले.”